तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: वायरलेसची खरखर आणि ग्राफीनचा डबा

गेल्या अंकात ग्राफीनवर (कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा, तो मिसळलेलं प्लॅस्टिक रेडिओच्या लहरी अडवतं म्हणतात) चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा नुसता पाऊस पडला, त्यातही अर्धे लोक बोटवाले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पाच पत्रं निवडलीयत. पहिलंच थोडं लांबलंय, पण तोच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय.

प्रश्न: आमची बोट हर्णैला असते. यंदा डेकवर नवे एलईडी फ्लडलाइट लावले आणि तेव्हापासून रात्री वायरलेसवर चॅनल १६ ला सारखी खरखर, समोरची बोट दोन मैलांवर असली तरी नीट ऐकू येत नाही. एक एजंट आला होता, तो म्हणतो ग्राफीनवाल्या प्लॅस्टिकचा डबा घ्या, वायरलेस त्यात बसवा, खरखर शंभर टक्के बंद. किंमत ऐकून घाम फुटला. घेऊ का?

उत्तर: नको. निदान आत्ता तरी नको, आणि वायरलेससाठी तर नकोच नको.

दादा, साधी गोष्ट बघा. वायरलेसला आवाज मिळतो कुठून? वर काठीला लावलेल्या अँटेनाकडून. खरखरही बहुतेक वेळा तिथूनच आत येते, नाहीतर मग बॅटरीच्या वायरीतून येते. आता सेट तुम्ही कितीही भारी डब्यात कोंडा, अँटेनाची केबल आणि बॅटरीची वायर डब्यातून आत जाणारच ना, ती कापलीत तर वायरलेस बंद. म्हणजे चोर खिडकीतून येतोय आणि आपण दाराला तीन कुलपं लावतोय. डबा घालायचाच तर आवाज करणाऱ्याला घालायचा, ऐकणाऱ्याला नाही.

आवाज कोण करतं? एलईडीचा दिवा स्वतः गरीब असतो हो, त्याच्या मागे जी छोटी सर्किट असते ना, ड्रायव्हर म्हणतात तिला, ती बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करत असते, दिव्याला हवा तेवढाच करंट मिळावा म्हणून. प्रत्येक वेळी चालू-बंद होताना थोडा कचरा बाहेर पडतो आणि तो फक्त तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला राहत नाही, त्याची पोरंबाळं पार वरपर्यंत जातात. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, एआयएस, म्हणजे बोटींची ठिकाणं एकमेकींना कळवणारी यंत्रणा, त्याच्याच वर १६२ च्या आसपास, हे दोन्ही त्या कचऱ्यात सापडतात. चांगल्या ड्रायव्हरमध्ये हा कचरा गाळायला फिल्टर असतो, स्वस्तातल्यात तो फिल्टरच काढून टाकलेला असतो, स्वस्त होतं ते तिथेच. हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही, अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ साली बोटवाल्यांसाठी खास इशारा काढला होता की एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ (म्हणजे आपला वायरलेस) आणि एआयएस बिघडतंय, बघून घ्या.

त्यांनीच सांगितलेली तपासणी अगदी सोपी आहे, फुकट आहे, बंदरात नांगरल्या नांगरल्या करता येते. सगळे दिवे बंद करा. वायरलेस एखाद्या शांत चॅनलला लावा. स्क्वेल्चचं, म्हणजे नुसती खरखर दाबून टाकणारं, बटण खरखर ऐकू येईपर्यंत फिरवा, मग आवाज जेमतेम बंद होईल इतपतच मागे आणा. आता दिवे एकेक करून लावा. एखादा दिवा लावल्याबरोबर खरखर परत आली की आरोपी सापडला.

पण फक्त दिव्यांवर थांबू नका, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या मामेभावाच्या बोटीवर हाच त्रास होता, आम्ही दोघं संध्याकाळचा लिलाव उरकल्यावर केबिनमध्ये बसून एकेक स्विच पाडत होतो, तांडेल बाहेर उभा राहून हसत होता, फ्लड बंद केले खरखर तशीच, फिश फाइंडर बंद केला तशीच, जीपीएस बंद केला तशीच, शेवटी भाऊ वैतागून म्हणाला जाऊ दे, आणि निघताना त्याने चार्जिंगला लावलेला स्वतःचा मोबाइल उपटला, चार्जरसकट. टक्क शांत! दीडशे रुपयांचा यूएसबी चार्जर. त्याआधी त्याने नवीन अँटेना घेतली होती, ती किंमत मी इथे सांगत नाही, वहिनी हा कॉलम वाचतात.

तर आरोपी सापडला की उपाय असे. तो बदला, किंवा त्याची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या (आपल्याकडे सगळ्या वायरी एकाच पाइपातून खेचायची सवय आहे, ती सोडा), प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, आणि ड्रायव्हरच्या अगदी जवळ वायरीवर फेराइट चढवा. जुन्या लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर टोकाला जो काळा गठ्ठा असतो ना, तेच ते, चिमट्यासारखे उघडून बसणारेही मिळतात. एवढं करून उरलंच तर मग ड्रायव्हरला धातूचं घर. ग्राफीनचा नंबर त्याच्याही नंतर.

प्रश्न: नमस्कार. माझो झील इंजिनिअरिंग शिकता. सुट्टीत घराक इलो तेव्हा सांगूक लागलो, ग्राफीन घातलेला प्लॅस्टिक लोखंडासारख्या लहरी अडवता. मी म्हटलंय, अरे प्लॅस्टिकच्या डब्यात मोबाइल ठेवलो तर रिंग वाजता मा, मगे? ता ग्राफीन म्हणजे नेमका काय आणि प्लॅस्टिकात घातला की असा काय होता? आमका समजात असा सांगा. (मालवणसून एक काकी)

उत्तर: काकी, तुमचं पण बरोबर आणि झिलाचं पण.

नुसतं प्लॅस्टिक लहरींना काचेसारखं, आरपार. लहर अडवायची तर त्या वस्तूत करंट इकडून तिकडे धावता आला पाहिजे. लहर आली की धातूतले इलेक्ट्रॉन हलतात, त्यांच्या हलण्याने थोडी लहर उलटी परत फेकली जाते आणि जी आत शिरते तिची आतल्या आत उष्णता होऊन ती विरते. परत फेकणं आणि गिळणं, एवढे दोनच मुख्य खेळ. तुमच्या घरावर पत्रे असतील तर बघा, पत्र्याखाली मोबाइलची एक दांडी आणि अंगणात माडाखाली आलात की चार, तो हाच प्रकार.

ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा, म्हणजे ग्रॅफाइटचा, एकच पापुद्रा. ग्रॅफाइट हे कार्बनच्या पापुद्र्यांचं थप्पीवर थप्पी रचलेलं बाड असतं, आपण पेन्सिलीने लिहितो तेव्हा त्यातले पापुद्रे घसरून कागदावर बसतात. त्यातला अगदी एक अणू जाडीचा पापुद्रा २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी वेगळा काढून दाखवला, आणि कशाने? तर चिकटपट्टीने. ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावायची, सोलायची, परत लावायची, परत सोलायची. २०१० ला दोघांना नोबेल मिळालं. हा पापुद्रा इतका पातळ की तीस लाखांच्या आसपास एकावर एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल, आणि वीज मात्र झकास वाहून नेतो.

आता हा प्लॅस्टिकात मिसळला की काय होतं. समजा ओढा ओलांडायचाय आणि तुम्ही पाण्यात जांभ्याचे चिरे टाकताय. पाच टाकले, काही उपयोग नाही. दहा टाकले, तरी मध्ये खड्डा. पण एक वेळ अशी येते की एकच चिरा टाकला आणि इकडून तिकडे वाट जुळली. प्लॅस्टिकातही तसंच, ग्राफीनचे तुकडे एकमेकांना टेकेपर्यंत करंट जवळजवळ शून्य आणि टेकले की एकदम उडी. आणि ग्राफीनचे तुकडे गोल नसतात, पत्रावळीसारखे चपटे आणि पसरट असतात, म्हणून थोड्यातच वाट जुळते. २००६ साली पॉलिस्टायरीनमध्ये, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या प्लॅस्टिकमध्ये, आकारमानाने फक्त ०.१ टक्का ग्राफीनने ही वाट जुळल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं.

पण झिलाला एक विचारा हां काकी. वाट जुळली म्हणजे लहर अडली असं नाही. पायवाट वेगळी आणि हायवे वेगळा. लहर नीट अडवायला त्या प्लॅस्टिकात भरपूर वाटा लागतात, म्हणजे ग्राफीनही पुष्कळ जास्त लागतं. ते पुढच्या पत्रात येतंय.

प्रश्न: माझं रत्नागिरीजवळ फायबरच्या बोटी आणि टाक्या बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. ऑनलाइन ग्राफीन पावडर मिळते. रेझिनमध्ये मिसळून फायबरच्या मॅटवर मारली तर शिल्डिंगवाल्या, म्हणजे लहरी अडवणाऱ्या, पेट्या घरच्या घरी बनवता येतील का? किती टक्के टाकू? केबिनच्या टपावरच मारून टाकली तर सगळंच काम होईल असं वाटतं.

उत्तर: टपावर मारू नका, हे पहिलं. बऱ्याच बोटींवर जीपीएसचा अँटेना केबिनच्या आत टपाखाली बसवलेला असतो, फायबरमधून सिग्नल येतो म्हणून. ते टप तुम्ही लहरी अडवणारं केलंत तर जीपीएस आंधळं होणार. मोबाइल तर गेलाच. शिल्डिंगला घरचा-परका कळत नाही.

आता किती टक्के. तुम्ही रेझिनमध्ये काम करता म्हणून इपॉक्सीचंच, म्हणजे एका प्रकारच्या रेझिनचंच, उदाहरण देतो, २००९ साली चीनमध्ये इपॉक्सीत ग्राफीन घालून मोजणी झाली होती, वजनाने १५ टक्के घातल्यावर २१ डेसिबल मिळाले. डेसिबलचा हिशोब असा: १० म्हणजे शंभरातले नव्वद अडले, २० म्हणजे नव्याण्णव अडले, ३० म्हणजे हजारातला एकच सुटला, ४० म्हणजे दहा हजारातला एक. साध्या व्यापारी वस्तूंना २० च्या पुढे चालतं असं धरतात. म्हणजे १५ टक्के घालून आपण जेमतेम पास. शंभर किलो मालात पंधरा किलो ग्राफीन, करा हिशोब, आणि मग ते रेझिन ब्रशने ओढून बघा. ओढणार नाही. पाच टक्क्यांच्या आतच रेझिन शिऱ्यासारखं घट्ट व्हायला लागतं, मॅटमध्ये भिनत नाही, हवेचे फुगे आत अडकतात, आणि फुगा राहिला की तिथून पाणी शिरणार हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय गुठळ्या. पापुद्रे एकमेकांना ओढतात आणि परत थप्पी होऊन बसतात, म्हणजे तुम्ही ग्राफीन विकत घेतलंत आणि डब्यात उरलं ग्रॅफाइट. पिठल्यात पीठ कोरडं टाकलं की कसे गोळे होतात, आणि कितीही घोटलं तरी एखादा राहतोच, तसं. लॅबमध्ये ते अल्ट्रासाऊंडने फोडतात, सॉल्व्हंटमध्ये आधी विरघळवल्यासारखं करून घेतात, ड्रिल मशीनला काठी लावून ढवळून ते होत नाही.

आणि मुळात पुडीत ग्राफीन आहे का? २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या साठ कंपन्यांचा माल तपासला, बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं, बाकी बारीक केलेलं ग्रॅफाइटच. तुम्हाला ऑनलाइन जे दिसतंय ते यापेक्षा चांगलं असेल असं मला तरी वाटत नाही.

अजून एक, समुद्रकाठच्या माणसासाठी महत्त्वाचं. कार्बन गंजत नाही हे खरं, खाऱ्या वाऱ्यात ही त्याची मोठीच जमेची बाजू, आपल्याकडे पत्र्याची पेटी दोन पावसाळ्यात चाळण होते. पण ग्राफीन-ग्रॅफाइट स्वतः गंजत नाही, शेजाऱ्याला गंजवतं! वीज वाहणारा कार्बन, त्याला टेकलेला अॅल्युमिनियमचा बोल्ट किंवा पट्टी आणि वरून खारं पाणी, झाली बॅटरी तयार, आणि त्यात अॅल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झडतं. सुकाणूपाशी झिंकच्या वड्या लावतो त्या याच भानगडीसाठी ना, तेच इथे उलटं होतं. त्यामुळे अशी पेटी कुठे घेतलीतच तर बोल्ट चांगल्या स्टेनलेसचे आणि मध्ये रबर-नायलॉनचे वॉशर.

हे सगळं वाचून ग्राफीन म्हणजे थापच असं समजू नका. मिसळायची पद्धतच बदलली तर चित्र बदलतं. २०१३ साली चीनमध्येच एका गटाने आधी ग्राफीनचा स्पंजासारखा सलग फेस बनवला आणि मग त्यावर सिलिकॉनसारखं लवचिक प्लॅस्टिक चढवलं, त्यात ग्राफीन वजनाने एक टक्काही नव्हतं, तरी ३० डेसिबलपर्यंत अडवलं आणि वजन म्हणाल तर घनसेंटिमीटरला ०.०६ ग्रॅम, पाणी १ असतं, तांबं जवळजवळ ९. फरक कशाने पडला? पाण्यात सुतळीचे तुकडे फेकले आणि ते एकमेकांत अडकतील अशी आशा धरली तर मासळी अडणार नाही, आधी जाळं विणलं तर अडेल. माझं मत विचाराल तर ग्राफीनच्या शिल्डिंगची खरी कमाई या विणकामात आहे. पावडर ढवळण्यात नाही. आणि ते विणकाम आपल्या शेडमध्ये होणारं नाही, भट्टीत हजार अंशांच्या आसपास गॅस सोडून निकेलच्या फेसावर ते ग्राफीन वाढवतात आणि मग निकेल आम्लात विरघळवून टाकतात.

तुम्हाला खरंच शिल्डिंगची पेटी बनवायची असेल तर फायबरच्या पेटीला आतून तांब्याची जाळी किंवा अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा, झाकणाच्या कडेपर्यंत सलग आणा, वरून रेझिनचा हात मारा म्हणजे खारी हवा लागणार नाही. स्वस्त, आणि आजच्या आज होणारं. पावडर हाताळायचीच झाली तर मास्कशिवाय नको, ही धूळ फुप्फुसात गेलेली बरी नव्हे.

प्रश्न: मोबाइलच्या मागे लावायचा ग्राफीनचा अँटी-रेडिएशन स्टिकर मुलीसाठी घेतला, चिपळूणच्या जत्रेत मिळाला. उपयोग होतो ना?

उत्तर: नाही हो ताई. रुपयाच्या नाण्याएवढा स्टिकर, लहरी बाजूने सगळीकडून जातात. आणि खरंच त्याने सिग्नल अडला असता तर मोबाइलने टॉवर गाठायला उलट जास्त जोर लावला असता, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलटं. अमेरिकेचा ग्राहकांचं हित बघणारा सरकारी व्यापार आयोगही लोकांना हेच सांगतो. काळजी वाटत असेल तर स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोलायला सांगा, फोन कानापासून लांब राहिला की झालं. स्टिकर काढू नका, नाहीतर डिंक राहतो.

प्रश्न: मी बीएस्सीला आहे, फिजिक्स. प्रोजेक्टला शिल्डिंग घ्यायचंय. सर म्हणाले ग्राफीन जुनं झालं, आता एमएक्सीन घे. आणि मोजायचं कसं, कॉलेजात तर काहीच नाही.

उत्तर: सरांचं अर्धं बरोबर आहे. एमएक्सीन म्हणजे टायटॅनियम आणि कार्बनचे पापुद्रे, २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सल विद्यापीठाच्या गटाने ४५ मायक्रॉन जाडीच्या फिल्मने ९२ डेसिबल अडवून दाखवले, तेव्हापासून सगळे त्याच्या मागे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ४५ मायक्रॉन म्हणजे केसापेक्षाही पातळच. पण एमएक्सीनला दमट हवा सोसत नाही, पाणी आणि ऑक्सिजन मिळून त्याचं हळूहळू टायटॅनियम ऑक्साइड करून टाकतात. कोकणात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ते किती टिकेल हाच खरं तर चांगला प्रोजेक्ट आहे, पण तुझ्या बजेटचा नाही. बनवायला हायड्रोफ्लोरिक अॅसिडसारखी भयंकर रसायनं लागतात, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

मोजणीचं म्हणशील तर पेपरात जे आकडे दिसतात ते बहुतेक एक्स-बँडचे असतात, ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ, कारण त्या मापाची वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची नळी) आणि व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर (किती लहर पार गेली, किती परत आली ते मोजणारं यंत्र) लॅबमध्ये सोयीचं पडतं. बोटींचा रडार त्याच पट्ट्यात येतो. पण ते आकडे उचलून खालच्या फ्रिक्वेन्सीला लावू नकोस. तांब्यात लहर किती खोल शिरते ते बघ: १ गिगाहर्ट्झला साधारण २ मायक्रॉन, आणि ५० हर्ट्झला ९ मिलिमीटर. म्हणजे इन्व्हर्टरच्या कॉइलजवळचं जे कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र असतं त्याला ग्राफीनचा पातळ थर जवळजवळ दिसतच नाही, तिथे लोखंड किंवा फेराइटच लागतं. तुझ्या रिपोर्टमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सीला मोजलं आणि जाडी किती हे नसेल तर डेसिबलचा आकडा लिहूच नकोस. व्यवस्थित चाचणी हवी असेल तर समीर या सरकारी संस्थेची मुंबई आणि चेन्नईची केंद्रं ही कामं करतात, पण फी असते, आधी विचारून घे.

घरच्या घरी करण्यासारखं सांगतो. आईचा स्टीलचा डबा घे, घट्ट झाकणाचा. एक फोन त्यात ठेव आणि दुसऱ्याने रिंग दे, बहुतेक वेळा वाजेल. स्टील असून! कारण झाकणाच्या कडेला बारीक फट राहते, आणि फटीची रुंदी नाही, लांबी महत्त्वाची, ती लहरीच्या निम्म्या लांबीएवढी झाली की लहर मजेत बाहेर. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, निम्मी साडेसोळा, तुझ्या डब्याचा घेर मोज, त्याहून जास्तच भरेल. आता त्याच फोनला जेवणाच्या फॉइलमध्ये दोन वेढे नीट गुंडाळ, कडा दुमडून. बहुतेक शांत होईल. मग डब्याच्या झाकणाखाली फॉइलची रिंग दाबून बसव आणि परत बघ. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला, तोच डबा कसा वागतो तेही बघ, फोनवर सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर डेसिबलच्या हिशोबात) दाखवणारी अॅप्स फुकट मिळतात, डब्याबाहेरचा आकडा आणि आतला आकडा यांची वजाबाकी केलीस की तुझे डेसिबल आले. फोन आत असताना स्क्रीन दिसत नाही ही अडचण आहे, त्यावर आकडे नोंदवून ठेवणारं अॅप शोध. प्रत्येक वाचन दहा वेळा घे, डबा हलवू नकोस, आणि आईला विचारून घे.